मन्मथअप्पांचं वजन

मन्मथअप्पा माणसाला नाव विचारत नाहीत, त्याचं वजन सांगतात. पहिल्याच भेटीत मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "सहासष्ट." मी चिडून तडक गिरणीत गेलो आणि काट्यावर उभा राहिलो. सहासष्टच.

अप्पांची उभी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाची गाडी लांबून दिसली की टन सांगायचे, काटा मागून कबूल व्हायचा. रिटायर झाले, पण खोड जाईना. एका लग्नात नवरीकडं बघून "बावन्न, त्यात शालू दीड" म्हणाले. तेव्हापासून किल्लारीत लग्नाला त्यांना मांडवाच्या पार कडेला बसवतात. स्वतःचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "मी चोपन्न. काट्याला खोटं चालत न्हाई."

मी मूळचा बिलोलीकडचा. जीपच्या धंद्यानं किल्लारीत आलो आणि अप्पांच्या शेजारी घर मिळालं. त्यामुळं वर्षातून चारदा ठरलेली हाक येते, "बालाजी, बागंत जायचं हाय." उदगीरच्या पुढं जहागीरदारांची जुनी बाग आहे. मालक हैदराबादला, इथं फक्त नागोराव नावाचा राखणदार. अप्पांना ती बाग आंब्याच्या मोहोराला बघायची असते, कडक उन्हात बघायची असते, श्रावणात बघायची असते आणि सीताफळांचे डोळे उघडले की पुन्हा बघायची असते.

मला ती बाग आवडत नाही, सरळ सांगतो. दगडी हौद, कोरडं कारंजं, खोल पायऱ्यांची बारव. भर दुपारी तिथं पाखरू बोलत नाही. बारवेत खडा टाकला तर आवाज उशिरा येतो, आणि तो बारवेतूनच येतो असंही नाही.

पण बाग परवडली, अप्पांची तिथली तऱ्हा नको. फाटकातून आत गेले की अप्पा चपला काढायचे आणि दोन्ही मुठी छातीशी आवळायचे. खांद्यावरून काहीतरी लोंबतंय आणि ते धरलंय, तसे. चाल एकदम मंद. पुढं वाटेवर चिंचेची आडवी फांदी. अप्पांच्या डोक्याच्या चांगली वीतभर वर. तरी अप्पा कंबरेतून वाकून तिच्याखालून सरकायचे, मग मान वळवून विचारायचे, "लागलं न्हाई न्हवं?"

"मला कशाला लागंल?" मी म्हणायचो. अप्पा तोवर पुढं निघालेले असायचे.

हौदापाशी गेले की गुडघे टेकून, मान खाली घालून थांबायचे. मग म्हणायचे, "हं, जा. लांब जाऊ नगंस." समोर कुणी नसायचं. नागोराव मला म्हणाला होता, "तुमचे अप्पा आले की म्या खोलीची कडी लावून बसतो."

गेल्या श्रावणात वाट चिखलाची होती. मीही अनवाणीच होतो. परतताना सहज मागं बघितलं. चिखलात माझी पावलं जेवढी खोल, तेवढीच अप्पांची. चोपन्न किलोचा माणूस! उदगीर येईस्तोवर मी जीप थांबवली नाही, आणि अप्पांकडं बघितलंही नाही.

दिवाळीनंतर गेलो तेव्हा नागोरावनं सांगितलं की चिंचेची फांदी तोडायची ठरलीय. आजकाल लग्नाआधीचे फोटो काढायला जोड्या येतात, त्यांच्या दिव्यांचा टेम्पो फांदीला अडतो. मला तर बरंच वाटलं.

"चला अप्पा, पुढल्या टायमाला सरळ चालायचं."

अप्पा चिंचेखाली मटकन बसले. मुठी छातीशीच होत्या.

"सरळ कसं चालू? रेणूला लागंल की."

"कोण रेणू?" इतकी वर्षं शेजारी राहून मला ठाऊक नव्हतं. किल्लारीत अशा गोष्टी कुणी कुणाला विचारत नाही.

"माझी पोरगी. तीन वरसाची होती. हर हंगामाला खांद्यावर बसवून इथं आणायचो. एकदा बोलायच्या नादात वाकायचं इसरलो. फांदी कपाळाला लागली, हे एवढं टेंगूळ. घरापातूर माझ्याशी बोलली न्हाई. त्याच साली भूकंप झाला. म्या कारखान्यावर रातपाळीला होतो." मग वर फांदीकडं बघितलं. "ही हाय तवर म्या वाकतो. वाकतो तवर ती बसून राहते. फांदी गेल्यावर कशाला थांबंल?"

तोंडातून भलतंच निघालं, "वजन किती होतं?"

"बारा. तवाबी बारा, आताबी बारा."

चोपन्न आणि बारा, सहासष्ट. मला चिखलातली पावलं आठवली आणि मी रडलो. सांगायला लाज कसली.

आमच्या भागात झाड वाचवायला अर्ज करून भागत नाही. मी उदगीरहून शेंदूर, तेल आणि लिंबू आणलं. हौदाकाठचा एक गोल धोंडा उचलून चिंचेखाली मांडला आणि माखून काढला. अप्पांच्या गळ्यात लिंग, त्यांना शेंदराचं काय कौतुक, पण मला अडवलं नाही. नागोराव हातातल्या कुऱ्हाडीसकट धावत आला. "कंचा देव?"

"विचारू नये," मी म्हणालो. त्यानं आधी हात जोडले आणि मग कुऱ्हाड परत नेऊन ठेवली. शेंदूर लागलेल्या झाडाला हात लावणारा मराठवाड्यात अजून जन्माला यायचाय.

मोहोराला परत गेलो. धोंड्यापुढं नारळ, उदबत्त्या. टेम्पो मागच्या फाटकानं ये-जा करत होता. फोटोवाली जोडी चपला काढून, फांदीखालून चांगली वाकून जात होती. आणि फांदीला कुणीतरी हिरव्या बांगड्या बांधल्या होत्या, तीन-चार वर्षांच्या पोरीच्या मापाच्या.

देव मी मांडला होता. पोरीचं मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

"कुणी बांधल्या?" नागोरावला विचारलं.

"काय की. दिसभर हितंच बसून राहिलो, तरी दिसलं न्हाई कुणी."

अप्पांनी बांगड्यांना एक बोट लावलं. मग वळून मला न्याहाळलं, पहिल्या भेटीत न्याहाळलं होतं तसं, वरपासून खालपर्यंत. त्यांच्या मुठी सुटल्या होत्या. हात मोकळे होते.

"अठ्ठ्याहत्तर," ते हळूच म्हणाले. "लई दिसांनी दुसऱ्या कुणाकडं गेली. बालाजी, नीट वाक रं."

मी छातीशी मुठी आवळल्या आणि कंबरेतून वाकलो.