आधी वर्दी, मग भाकर

कदम सरांच्या शेजारी पंगतीला बसू नये, हे बोरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ताटात वरण-भात पडला, वर तूप पडलं, आपण घास उचलला, की सरांचा हात आपल्या मनगटावर. "थांबा. अजून वर्दी गेली न्हाई." मग दोन मिनिटं ताटाकडं नुसतं बघायचं, वास घ्यायचा, आणि तोंडात लाळ जमल्याचं मान हलवून कबूल करायचं. तोवर जिलेबीवाला वाढपी पार पुढं गेलेला असतो. एका लग्नात तर त्यांनी खुद्द नवरदेवाला थांबवलं. नवरी घास हातात धरून ताटकळली आणि करवल्यांना हसू आवरेना.

सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, मी मराठी. त्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यामुळं त्यांची सर्वांत जास्त व्याख्यानं माझ्याच वाट्याला आली. त्यांचं म्हणणं असं, की पोट म्हणजे काही उघडं गोदाम नव्हे, पोतं आणलं आणि टाकलं. अन्न दिसलं, वास आला, स्वयंपाकघरात आवाज झाला, की मेंदू खाली वर्दी देतो. तोंडात लाळ सुटते, जठरात आम्ल पाझरू लागतं, आणि घास खाली पोचतो तेव्हा तिथली मंडळी कामाला लागलेली असतात. पुढं ते आम्ल आतड्यात उतरलं, की आतडं रक्तातून निरोप धाडतं, मग स्वादुपिंड त्या आम्लाला शांत करणारा रस सोडतं. स्वादुपिंडाबद्दल सर भारी हळवे. "येवढं राबतंय बिचारं, पर कुणी त्याचं नाव तरी घेतंय का?" असं विचारत आणि माझ्याकडं बघत. मलाही उगाच अपराध्यासारखं वाटे.

हा धडा शिकवायला ते वर्गात लिंबू आणत. एकदा तपासणीचे साहेब आले, तर सगळा वर्ग आ वासून बसलेला, आणि सर एकेकाच्या तोंडात डोकावताहेत. हे काय चाललंय, म्हणून साहेबांनी विचारलं. सरांनी उत्तर देण्याऐवजी त्यांच्या पुढ्यातच लिंबू चिरलं. साहेबांनी आवंढा गिळला. "लिहून घ्या रे, साहेबालाबी सुटली," सरांनी वर्गाला सांगितलं. साहेबांचा शेरा मी नंतर वाचला. त्यात लिंबाचा उल्लेख नव्हता.

त्यांना दाद न देणारी गावात एकच व्यक्ती, त्यांच्या घरच्या कमलकाकू. "तुमची वर्दी जाईस्तोर भाकर गार व्हती," असं म्हणून त्या ताट पुढं सरकवायच्या आणि सर मुकाट्यानं जेवायचे.

मग पुण्यात लेकीला जुळं झालं. तिची नोकरी, जावयाची नोकरी, म्हणून काकू दोन महिन्यांसाठी गेल्या. त्याला आता तीन वर्षं होत आली. सरांचा डबा स्टँडजवळच्या खानावळीतून येऊ लागला. मी कधी डोकावलो तर सर डबा उघडून समोर बसलेले असत. दोन मिनिटं जात, दहा जात, मग ते झाकण लावून टाकत. शर्ट अंगावर लोंबायला लागला. मी त्यांना जिंतूरला डॉक्टरकडं नेलं. सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या. सरांना त्याचं नवल वाटलं नाही. तोंड कोरडं पडतं, घास फिरत राहतो, एवढंच ते म्हणाले. एवढा बोलका माणूस परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून बसला, आणि मला मनापासून भीती वाटली, हा माणूस असाच वाळून जाईल.

शेवटी मी म्हणालो, काकूंना बोलवून घ्या.

"सांगितलं तर ती येईल," सर म्हणाले. "उद्याच्या गाडीनं येईल. म्हणून तर सांगत न्हाई. पोरीचं अडतंय तिकडं."

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी बाराच्या सुमारास, भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज आला. चांगला ठसठशीत आवाज, शेवटी हात झटकल्याचासुद्धा. काकू आल्या, असं वाटून मी तसाच अनवाणी धावलो.

घरात सर एकटेच होते. समोर खानावळीचा डबा, आणि तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल. पडद्यावर काकूंचे पिठाचे हात तेवढे दिसत होते. पुण्याच्या त्या घरात कुणी भाकरी खात नाही, तरी बाराच्या ठोक्याला काकू परात घेऊन बसल्या होत्या. त्या थापत होत्या आणि सर जेवत होते. डब्यातली पोळी, पातळ वरण, सगळं. मी दारातच थांबलो.

"तब्येत बरी हाय ना? येऊ का मी?" काकूंनी विचारलं.

"कशाला? मला लय भूक लागायलीय आजकाल."

सरांनी शेवटचा घास खाल्ला, ताटातच हात धुतला, ताट बाजूला सारलं. डब्यात काही उरलं नव्हतं.

"आणखी एक थापू का?" पलीकडून आवाज आला.

"थाप," सर म्हणाले, आणि ओला हात तसाच मांडीवर ठेवून ऐकत बसले.