अकरा भागीदारांचा बाबल

बाबल मयेकरला भर पावसात छत्री देऊ केलीत, तर तो ती उघडत नाही. आधी विचारतो, "ही तुझीच मा? हेच्यार भावाचो हक्क नाय मा?" तुम्ही शपथेवर सांगेपर्यंत गडी भिजत उभा.

याचं मूळ आमच्या मुलखातल्या सामाईक जमिनींत आहे. एका कलमाच्या बागेला सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली नऊ मुंबईत, आणि एकाची सही राहिली की घोडं अडलं. बाबलचं अर्धं बालपण वडिलांबरोबर सह्या गोळा करण्यात गेलं. त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की तो आधी भागीदार मोजतो. लोक हसतात. मीही हसायचो, त्याच्याबरोबर धंदा काढेपर्यंत.

२००७ च्या सुमारास कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही एक गाळा घेतला. मी सोल्डरिंगवाला, तो प्रोग्राम लिहिणारा. जामसंड्याचे आंबा व्यापारी घाडी यांनी आंबे पिकवायच्या खोल्यांसाठी सहा यंत्रं सांगितली. खोलीतली उष्णता मोजायची आणि काही बिघडलं तर मालकाच्या मोबाईलवर संदेश धाडायचा. हे काम जमलं तर गाळा चालणार, नाही तर मी मुंबईत पुन्हा नोकरी शोधणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मोबाईलशी बोलणारा प्रोग्राम मुळापासून लिहायचा तर वर्ष गेलं असतं. पण असे तयार तुकडे जगभरचे लोक लिहून इंटरनेटवर फुकट ठेवतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. एक निवडायची आणि आपल्या चिपमध्ये बसवायची. निवडण्यात बाबलचा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी आजही मान्य करतो. एक लायब्ररी इतकी लठ्ठ, की आमच्या चिमुकल्या चिपमध्ये ती शिरल्यावर दुसरं काही मावेना. दुसरी सडपातळ, पण मधेच वायर उपटली की मुकी होऊन बसायची. "ही अडचणीत कामाक येवची नाय," म्हणून तिची रवानगी झाली. तिसरीला चार वर्षांत कोणी हात लावला नव्हता. महिनाभर वायरी उपटून शेवटी एक सापडली. लहान, सरळ आणि वायर तुटली की लगेच बोंब मारणारी. मी पेढे आणायला निघालो.

"थांब," बाबल म्हणाला. "हेच्यार अकरा नावां आसत."

अकरा जणांनी मिळून ती लिहिली होती. कुणीही वापरा, विचारायची गरज नाही, असं परवान्यात स्वच्छ लिहिलेलं. मी ते त्याला तीनदा वाचून दाखवलं.

"कागदार सगळेच लिवतत रे. उद्या अकरावो उभो रवलो तर?"

"अरे, तो फिनलंडात रवता! जामसंड्याक येतलो काय भांडूक?"

"आमचे चुलतेही येवचे नाय म्हणान सांगत होते. इले."

मी कपाळाला हात लावला. बाबलने मोडक्या इंग्रजीत अकरा जणांना संमतीसाठी पत्रं धाडली. दर बाजाराच्या दिवशी तो सायबर कॅफेत जायचा आणि आलेल्या उत्तरांचे छापील कागद फाईलला लावायचा. दिवाळीला "चार इले", नाताळात "धा इले". मग गाडी तिथेच रुतली. फिनलंडवाला काही बोलेना.

फेब्रुवारीत घाडी स्वतः आले. "काय ओ, तुमच्या सहीसाठी आंबो झाडार थांबतलो?" बाबल खाली मान घालून म्हणाला, "येकच रवलो. तो इलो काय पंधरा दिवसांत देतंय." मार्चभर मी ओरडलो, हातापाया पडलो, अबोला धरला. एप्रिलात घाडींनी आमचा नाद सोडला आणि आंबे पिकायला नेहमीसारखे पेंढ्यात घातले. आम्ही गाळा सोडायचं ठरवलं. ठरवलं कसलं, दुसरं काही उरलंच नव्हतं.

सामान आवरताना ती फाईल माझ्या हाती आली. सहज मोजले. संमतीचे कागद अकरा भरले. फिनलंडवाल्याचं उत्तर जानेवारीचं होतं. 'खुशाल वापरा. इथे गुडघाभर बर्फ आहे. तुमच्याकडे मोहर आला का?'

मागे बाबलने पाठवलेल्या पत्रांच्या नकला होत्या. जानेवारीनंतरच्याही. प्रत्येकाची सुरुवात एकच. 'अजून एकाची संमती यायची आहे, म्हणून तुम्हाला कळवतो.' आणि खाली पानभर मजकूर.

"बाबल्या, ही संमती जानेवारीतच इली होती?"

तो वायरीचं भेंडोळं गुंडाळत होता. "होय."

"मगे सांगलंस नाय कित्याक?"

त्याने भेंडोळ्याला गाठ मारली. मग म्हणाला, "सगळ्यांचा होय इला, काय काम संपला. मगे तेंका काय म्हणान लिवू? कामाशिवाय कोण कोणाक पत्र लिवता?"

माझ्या ओठांवर शिव्या तयार होत्या. माझा धंदा बुडाला होता, त्याचा राग काही थोडका नव्हता. पण हातातल्या, फिनलंडला धाडलेल्या पत्राच्या नकलेवर नजर गेली. त्यात बाबलने लिहिलं होतं, 'आई आता मला ओळखत नाही. रोज जेवण वाढल्यावर विचारते, तुम्ही कोण.'

हे फिनलंडातल्या माणसाला ठाऊक होतं. मी वर्षभर त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसत होतो आणि रोज सकाळी एवढंच विचारत होतो, "झाला काय?"