यादीतली चव्वेचाळिसावी वस्तू

माझ्या नवऱ्याचं हसू नऊ वर्षांपूर्वी लिलावात विकलं गेलं आणि आता तेच हसू आमच्या लेकीला फुटलं, या काळजीने सलग तीन आठवडे माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

श्रीनाथचा लातूरला शाळेच्या दप्तरांचा कारखाना होता. तो बुडाला, दिवाळं निघालं आणि जप्तीची यादी करायला बेलीफ आला. आमच्या लग्नाला तेव्हा पाच महिने झाले होते. शिलाई मशिनं, कापायचं टेबल, चेनची रिळं, भिंतीवरचं घड्याळ, असं करत त्रेचाळीस वस्तू लिहून झाल्या. बेलीफाने विचारलं, "आणखी काही?" श्रीनाथ घाबरला की हसतो. तो हसला.

शेजारच्या दुकानाचे दिगंबरकाका पंच म्हणून उभे होते. सरळ माणूस. ते म्हणाले, "साहेब, खोटं कशाला बोलू, अर्धं गिऱ्हाईक तर या हसण्यावरच यायचं."

बेलीफाने चष्मा वर सरकवला आणि चव्वेचाळीस नंबरला लिहिलं, 'हसू, एक नग, चालू स्थितीत.' दिगंबरकाकांनी खाली सही केली. ते अजून दर दिवाळीला फराळाचा डबा आणून देतात, पण जिना चढून वर येत नाहीत.

लिलावात ते हसू उदगीरच्या मल्लिनाथ कोरेंनी घेतलं. त्यांचं मंगल कार्यालय आहे. दारात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करायला त्यांना तसंच काहीतरी हवं होतं. हसू ओळखायला सोपं आहे. आधी तीन वेळा नुसती हवा, सायकलच्या पंपासारखी. मग आवाज एकदम वर जातो. शेवटी एक बारीक उचकी.

तेव्हापासून श्रीनाथला काही आवडलं की तो मान हलवतो. फार आवडलं तर दोनदा. बाकी संसार चालतो. घरभाड्याचा करार माझ्या नावावर आहे, गॅस माझ्या नावावर, गाडी माझ्या नावावर. शाळेच्या फॉर्ममध्ये 'पालकांपैकी कोणाचं दिवाळं निघालं आहे का' असा रकाना असतो, तिथे मी दरवर्षी 'होय' लिहिते आणि अक्षर मुद्दाम चांगलं काढते. येत्या मार्चला दहा वर्षं पूर्ण झाली की श्रीनाथला मुक्ततेचा दाखला मिळणार आहे. अट एकच आहे. विकलेली वस्तू वापरायची नाही. एकदा जरी वापरली, तर दहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून.

त्याने ती वापरली नाही. मी साक्षीदार आहे. त्याच्या उशीच्या एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा असतात. काळजीने झोपेत दात खात असेल, असं समजून मी अभ्रा उलटा घालत आले.

कस्तुरी पाच वर्षांची होईपर्यंत सगळ्या लेकरांसारखीच खिदळायची. मग शाळेच्या स्नेहसंमेलनात झाड झालेला एक मुलगा स्टेजवर आडवा पडला, आणि अख्ख्या सभागृहात तिचं हसू ऐकू आलं. तीनदा हवा, वरचा सूर, उचकी. माझ्या पुढच्याच रांगेत कोरेंची भाची बसली होती. तिने मागे वळून पाहिलं. मी उगाच खोकले. खोकून काय होणार होतं, देव जाणे.

आठ दिवसांत नोटीस आली. मत्ता निरीक्षक श्री. गुळवे घरी येऊन अज्ञान बालिकेच्या हसण्याची तपासणी करतील. हसू विकलेल्या मालापैकी आढळल्यास बालिकेचा अंगठा घेऊन ते खरेदीदाराच्या ताब्यात देण्यात येईल.

मी नोटीस घेऊन पाथ्रीकर वकीलबाईंकडे गेले. त्यांनी ती दोनदा वाचली.

"हे बघा ताई, तीन शक्यता आहेत. हसू वडिलोपार्जित निघालं, तर गेलं. मूळ मालाबरोबर तेही विकलं गेलं असं धरतात. स्वकष्टार्जित असेल तर तिचं. पण पाच वर्षांच्या लेकराचे कष्ट कोण मानणार?"

"आणि तिसरी?"

"आईकडून आलेलं असेल तर स्त्रीधन. त्याला बेलीफाचा बापही हात लावू शकत नाही."

"पण मी तशी हसत नाही हो."

"मग शिका की. दहा दिवस आहेत."

मी एम.ए. आहे. आजवर जे शिकले ते पुस्तकातून. हे शिकायला पुस्तक नव्हतं, आणि ज्याला येत होतं त्याला करून दाखवायची बंदी. मार्गदर्शन म्हणजे वापर नव्हे, असं वकीलबाईंनी लिहून दिलं, म्हणून श्रीनाथ ओट्याजवळ स्टुलावर बसायचा आणि बोटांनी सांगायचा. तीन बोटं, म्हणजे हवा. हात वर, म्हणजे सूर. चुटकी, म्हणजे उचकी. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी मिक्सर लावायचे. त्या दहा दिवसांत आमच्याकडे शेंगदाण्याचं एवढं कूट झालं की मी ते इमारतीत वाटलं.

"बाबा, आई रडते का?" कस्तूने दारातून विचारलं.

"हसते," श्रीनाथ म्हणाला.

"असं?"

पाचव्या दिवशी मला उचकी जमली. श्रीनाथने दोनदा मान हलवली. मग उठून नळ सुरू केला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.

कस्तूला मी एकच वाक्य पाठ करायला लावलं. कोणी विचारलं तर सांगायचं, आईने शिकवलं. ती म्हणाली, "पण..." मी म्हटलं, "पण नाही." आई म्हणून मी फार चुकते, पण त्या दिवशी मला वाटलं की ही माझी सर्वांत मोठी चूक असणार. तरी मी वाक्य तिच्याकडून वीस वेळा म्हणून घेतलं.

गुरुवारी अकराला गुळवे आले. हातात फाइल, खांद्याला पाण्याची बाटली. मागे स्वतः कोरे होते. मी त्यांना राक्षस कल्पिलं होतं. निघाले साठीचे, गुडघेदुखीचे, चप्पल काढताना भिंत धरणारे गृहस्थ.

"तुमच्या लेकराचं वाईट व्हावं असं नाही हो ताई," ते बसत म्हणाले. "पण मी रीतसर घेतलंय. उद्या गावात दोन-दोन झाली तर माझ्या दारातल्याला काय किंमत?"

"आधी मूळ नमुना," गुळवे म्हणाले.

कोरे ताठ बसले आणि हसले. नऊ वर्षांनी ते हसू आमच्या घरात आलं. मी श्रीनाथकडे पाहिलं नाही. तीनदा हवा बरोबर होती, सूरही वर गेला, पण शेवटी काहीच झालं नाही. दार अर्धं उघडून कोणी परत गेल्यासारखं.

"उचकी?" गुळव्यांनी यादीत पाहून विचारलं.

"तीच तर येत नाही साहेब," कोरे ओशाळून म्हणाले. मग श्रीनाथकडे वळले. "तुम्ही ती कशी सोडायचात हो? नऊ वर्षं झाली, मला काही जमेना. पाहुणे नुसतं वाट बघत राहतात."

श्रीनाथचे हात मांडीवर होते. एक चुटकी वाजता वाजता राहिली.

"आता बालिका," गुळवे म्हणाले आणि त्यांनी फाइलमधला मंजूर विनोद वाचला. त्यात एक हत्ती आणि एक मुंगी होती. कस्तूने शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी दुसरा वाचला. तिने विचारलं, "मग मुंगीला लागलं का?" गुळव्यांनी कागद उलटून पाहिला. पुढे लिहिलेलं नव्हतं. ते पाणी प्यायला लागले आणि बाटलीचं झाकण त्यांच्या चहाच्या कपात पडलं.

कस्तू हसली. तीनदा हवा, सूर, उचकी. इतकी स्वच्छ की कोरेंनी हात जोडले.

"हेच," ते पुटपुटले.

"हे कोणी शिकवलं, बाळ?" गुळव्यांनी विचारलं.

कस्तूने माझ्याकडे पाहिलं आणि पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हटलं, "आईने शिकवलं."

"ताई, मग तुम्ही हसून दाखवा."

मिक्सर नव्हता. बोटं नव्हती. मला एवढी भीती कधीच वाटली नव्हती, अगदी बाळंतपणातसुद्धा नाही. मी तोंड उघडलं आणि हवा गेली, एक, दोन, तीन. सूर कुठून वर गेला कळलं नाही. उचकी आली ती मी आणलेली नव्हती.

गुळव्यांनी आधी कोरेंकडे पाहिलं. कोरेंनी हळूच मान डोलावली. "बायकी आहे जरा," ते म्हणाले, "पण माल तोच आहे. ताईंचाच आहे."

"स्त्रीधन," गुळवे म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, रकाना शोधला आणि पहिलं अक्षर लिहिलं. श्रीनाथने माझ्या मागे खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, ते लाकडाच्या आवाजावरून मला कळत होतं. मार्चला पाच महिने उरले होते.

कोरे अजून शेवटच्या उचकीचा प्रयत्न करत होते. तोंड उघडायचे, थांबायचे, मिटायचे. कस्तू थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि श्रीनाथची उशी घेऊन आली. दातांच्या खुणांचा कोपरा वर करून तिने ती कोरेंच्या मांडीवर ठेवली, आणि म्हणाली,

"काका, असं नाही येत. हे चावून धरायचं आणि मग हसायचं. रविवारी बाबा करून दाखवतात ना, तसं."