साहेबांचा डावा बूट आणि लीलाबाईंचा स्लॅब

मी रजत मंडलेकर. बालाघाटात माझ्यासारखा दुसरा गुप्तहेर नाही. खरं तर पहिलाही नाही, मी एकटाच आहे. हुद्द्यानं कारकून असलो तरी ती जगाच्या डोळ्यांत टाकलेली धूळ. माणसाच्या पायताणावरून मी त्याची कुंडली मांडतो. आमच्या दफ्तरातल्या, म्हणजे कचेरीतल्या, छत्रीच्या चोरीचा छडा मीच लावला होता. छत्री मालकाच्या घरीच होती, पण छडा तो छडा.

भरवेलीच्या रस्त्याला लीलाबाईंचं घरकुल उभं राहत होतं. धानकापणीमुळे मजूर मिळेनात, म्हणून आमचं दफ्तर दर रविवारी तिथं श्रमदानाला जाई. पुढच्या रविवारी स्लॅब पडायचा होता. लीलाबाईंची लेक राखी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि ताडपत्रीखाली बाळंतीण ठेवायची कशी, या काळजीनं लीलाबाई आमच्या दुप्पट विटा वाहत होत्या.

दुपारी बोंब उठली. आमच्या शरदचंद्र साहेबांनी गमबूट घालण्यासाठी आपले बूट काढून रेतीच्या ढिगाशी ठेवले होते. उजवा जागेवर होता, डावा गायब.

"नवाकोरा बूट! अस्सल चामड्याचा!" साहेब गरजले. "आम्ही घाम गाळायचा आणि वर चोऱ्या सहन करायच्या? बूट सापडला नाही तर पुढच्या रविवारी दफ्तरातलं कोणी इथं फिरकणार नाही!"

लीलाबाईंच्या डोक्यावरचं घमेलं खाली आलं. "असं नोका करू साहेब. राखी येऊन राह्यली. स्लॅब नाही पडला त तिले कुठं निजवू?"

हीच माझी घटका होती. रेतीवरचे ठसे मी बारकाईनं तपासले. ते माझेच निघाले.

शेजारच्या टेबलावरच्या मंजुषाला मी फार पूर्वीच सहायक नेमलं आहे. तिला तेवढं विचारायचं राहिलं.

"मंजुषा, बूट एकच गेला. म्हणजे चोराला पाय एकच आहे."

"सर, इथं सगळ्यांले दोन-दोन आहेत."

"तोच तर त्याचा डाव आहे!"

पहिला संशय भैयालाल मिस्त्रीवर. मी त्याला डावा पाय दाखवायला सांगितलं. त्यानं तो साहेबांच्या उजव्या बुटाशेजारी ठेवला. पाय पुढूनही बाहेर होता आणि बाजूनंही.

"सायेब, ह्या बुटात माहा अंगठाच जाईन," तो म्हणाला. "काहून मजाक करून राह्यले?"

मग राहिला कुत्रा. तो सावलीत झोपला होता. मी उलटतपासणी सुरू करताच उठून चालू लागला, म्हणजे मनात पाप. तो पुढच्या दारानं आत आणि मागच्या दारानं बाहेर, मी त्याच्यामागे, अशा आमच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. घराला नजर लागू नये म्हणून लीलाबाईंनी पुढच्या दारावर काहीबाही टांगलं होतं, ते दर फेरीला माझ्या कपाळावर आपटे. शास्त्रीय बुद्धीचा माणूस असल्या टोटक्यांकडे बघत नाही. मी ते हातानं बाजूला सारत राहिलो.

कपाळ चोळता चोळताच मला साक्षात्कार झाला. "साहेब! बूट भिंतीत चिणलाय!"

"पाडा," साहेब म्हणाले.

सकाळी रचलेली ओली भिंत आम्ही उतरवली. आत फक्त सिमेंट-रेतीचा मसाला होता. लीलाबाई त्या विटांशेजारी मटकन बसल्या आणि पदरानं डोळे टिपू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंत गेली, आता स्लॅबही जाणार, आणि माझ्याकडे सिद्धांत उरला नव्हता.

तेवढ्यात साहेबांच्या पत्नी, कालिंदी वहिनी, सगळ्यांसाठी मसालेभाताचा डबा घेऊन स्कूटीवर आल्या. दाराशी थबकल्या. वर पाहिलं.

"अहो, तुमचा बूट वर काय करून राह्यला?"

आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. लिंबू-मिरचीच्या खाली, काळ्या दोऱ्याला, साहेबांचा डावा बूट तळ उसवून लोंबत होता.

"अगं माय! हा साहेबाचा हाये?" लीलाबाई उठून धावल्या. "साहेब त म्हणत होते नवाकोरा! मीबी नवाच धुंडत होती. हा मले वाटलं कोणी फेकून देला. नजरेले असाच लागते ना, कोणी घालत नाही असा."

त्या दोरा सोडू लागल्या, तर वहिनींनी हात धरला. "राहू द्या बाई. कधीची सांगून राह्यली, हे बूट फेका म्हणून. तुम्ही बरोबर जागी लावला."

साहेबांनी बुटाकडे पाहिलं, पाडलेल्या भिंतीकडे पाहिलं, मग वहिनींकडे पाहिलं आणि आवाज उतरला.

"तसा... थोडा वापरलेलाच होता. रविवारी स्लॅब. सगळ्यांनी यायचं. आणि आधी ही भिंत पुन्हा उभी करा."

भिंत संध्याकाळपर्यंत पूर्ण झाली. विटा मी वाहिल्या, सगळ्या. मंजुषानं दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

निघताना लीलाबाई उजवा बूट घेऊन साहेबांपुढे आल्या. आम्हाला वाटलं, परत करताहेत.

"साहेब," त्या लाजत म्हणाल्या, "हा बी ठेवू का? मागच्या दाराले काहीच नाही."

साहेब गमबुटातच वहिनींच्या मागे स्कूटीवर बसून घरी गेले. मी मागच्या दारानं निघालो, आणि या वेळी डोकं वाकवून.