साहेब खाकरले की

धुलाई विभागाच्या साहेबांना आपण फार विनोदी आहोत असं वाटत असे, आणि त्यांचा हा गैरसमज दूर करायला कोणी धजावत नसे. धजावत नसे म्हणण्यापेक्षा कोणाचं मन होत नसे.

हा विभाग एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात होता. रोज हजारभर चादरी वरून मळून यायच्या आणि धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन परत वर जायच्या. कामाला माणसं अकरा. सकाळी यंत्रं सुरू झाली की साहेब या अकरा जणांना जागच्या जागी थांबवून एक विनोद सांगत. उदाहरणार्थ, एक चादर दुसरीला विचारते, तू इतकी दमलेली का? दुसरी म्हणते, अगं, दिवसभर पेशंट अंगावर होता. विनोद वाईट असणं आपण समजू शकतो, पण साहेबांचा विनोद नेमका कुठे संपला तेच कळत नसे. सुदैवाने शेवटचं वाक्य झालं की ते तोंडावर मूठ धरून एकदा खाकरत. ही खूण घड्या घालणाऱ्या मावशींनी पहिल्याच महिन्यात हेरली. नवीन माणूस आला की त्या त्याला बाजूला घेऊन सांगत, "साहेब खाकरले की हसायचं. आधी हसू नको, नाहीतर ते पुन्हा पहिल्यापासून सांगतात."

अशी साडेआठ वर्षं सुखात गेली. मग रुग्णालयाला नव्या संचालक मॅडम आल्या आणि त्यांनी धुलाईचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला देण्याचं मनात घेतलं. तसं झालं तर अकरा जण घरी बसणार होते. साहेबांची दुसरीकडे सोय होणार होती, पण त्यांना तीन रात्री झोप नव्हती. निर्णय घेण्याआधी मॅडम एकदा तळघरात येऊन त्यांचं म्हणणं ऐकणार होत्या. साहेबांनी दोन पानी भाषण लिहून काढलं आणि त्यात एकही विनोद घातला नाही. नेमका त्याच आठवड्यात त्यांचा घसा बसला.

मॅडम आल्या, चादरींच्या ढिगाशेजारी खुर्ची ओढून बसल्या. यंत्रं चालूच होती, कारण काम थांबलेलं दिसू नये असा मावशींचा आग्रह होता. साहेबांनी कागद उघडला.

"गेल्या वर्षी बॉयलर बिघडला, तेव्हा ही माणसं दोन दिवस घरी गेली नाहीत," असं म्हणून साहेब तोंडावर मूठ धरून खाकरले.

पलीकडच्या टोकाला इस्त्रीवाला उभा होता. यंत्राच्या घरघरीत त्याला साहेबांचे शब्द कधीच ऐकू जात नसत. इतकी वर्षं तो फक्त मुठीकडे बघून हसत आला होता. तो आजही मनापासून हसला. तो हसतोय म्हणजे आपल्यालाच काहीतरी कळलं नाही, असं समजून शेजारचे दोघे हसले, आणि मग बाकीच्यांनी मागे राहणं बरं दिसलं नसतं. मॅडमनी चष्मा काढून सगळ्यांकडे पाहिलं.

साहेबांनी सगळ्यांवर डोळे वटारले आणि पुढे वाचलं. आमच्याकडे शिस्त कडक आहे, ते म्हणाले, आणि घशात पुन्हा काहीतरी अडकलं. यावेळी हसू आधीपेक्षा मोठं होतं. घाबरून त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला, तर ठसका लागला. ठसका काही थांबेना, आणि एवढा लांबलचक विनोद साहेबांनी याआधी केला नसल्यामुळे इस्त्रीवाल्याने टाळ्याही वाजवल्या.

मॅडमनी यंत्रं बंद करायला सांगितली. तळघर एकदम शांत झालं.

"यात हसण्यासारखं काय आहे?" त्यांनी विचारलं.

सगळे मावशींकडे बघू लागले. मावशींनी हातातली चादर आणखी एकदा दुमडली. खोटं बोलावं तर माणसं टिंगलखोर ठरणार आणि खरं बोलावं तर साहेब दुखावणार. शेवटी त्यांनी खालमानेने सगळं सांगून टाकलं, अगदी नव्या माणसाला काय शिकवतात तेसुद्धा.

साहेबांचा चेहरा धुऊन पिळल्यासारखा झाला. मॅडम समोर आहेत हेही ते विसरले.

"साडेआठ वर्षं? एकही विनोद चांगला नव्हता?"

"एक बरा होता, साहेब," मावशी म्हणाल्या. "पण तो आमचा आधी ऐकलेला होता."

साहेबांना फार वाईट वाटलं. चिडावं असंही वाटलं, पण चिडायला आवाज लागतो आणि तो तर बसलेला. मग त्यांनी त्या अकरा तोंडांकडे पाहिलं. उद्या नोकरी जाईल म्हणून धास्तावलेली ती माणसं आत्ता मात्र साहेबांना लागलं का, एवढंच बघत होती. त्यांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"मॅडम, एक गोष्ट कबूल करतो," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी या लोकांकडून रोज सकाळी हसण्याचं जादा काम करून घेतलंय. आणि त्याचा ओव्हरटाइम एकदाही दिलेला नाही."

मावशींना हसू फुटलं, मागोमाग सगळ्यांना. मूठ वर गेली नव्हती, तरी सगळे हसत होते. साहेब चकित होऊन बघत राहिले.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मावशींना जवळ बोलावलं.

"मला खरं सांगा. साडेआठ वर्षं न आवडलेल्या विनोदांना माणूस हसतो, तो एकतर भीतीने, नाहीतर मायेने. तुम्ही सगळे यांना घाबरता का?"

"घाबरतो? आणि आमच्या साहेबांना?"

यावर जे हसू उठलं तसं त्या तळघराने ऐकलं नव्हतं. इस्त्रीवाला यंत्राला धरून खाली बसला. मावशी पदराने डोळे पुसत होत्या. सगळ्यांत शेवटी साहेबही हसू लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी समोरच्याच धुतलेल्या चादरीला पुसलं.

मॅडमनी कंत्राटदाराचे कागद पिशवीत परत घातले. "ती चादर आता पुन्हा धुवा," त्या म्हणाल्या, "तुम्हीच."