कुरडयांचं अवकाशयुद्ध

गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांभोवती मी एकदा लोहचुंबक मांडले होते. फ्रिजच्या दारावरचे. एक शिर्डीचा, एक महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि एक जावईबापूंनी सिंगापूरहून आणलेला सिंह. आकाशातून शस्त्राचा झोत आलाच, तर बाजूला वळावा म्हणून! तेव्हा मी जेमतेम साठीची. अक्कल यायला अजून अवकाश होता.

निम्मा दोष शेजारच्या खांबेटे भावोजींचा. कोलशेतच्या एका कंपनीच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेला, बायकोमागे एकटा राहणारा हा गृहस्थ. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत सगळे भाजीच्या भावावर बोलायचे, हे अवकाशातल्या शस्त्रांवर.

"वहिनी, तोफा विसरा. आता कण!" जिन्यात दुधाची पिशवी हातात घेऊन हे चालायचं. "वीजभार असलेला कण सोडला, तर पृथ्वीच्या चुंबकात वाकडा जातो. म्हणून सोडता सोडता भार काढून घ्यायचा. मग तो न्यूट्रल. नाकासमोर चालतो."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखा. सासूबाईंचं नि माझं वाजलं की हे न्यूट्रल. नाकासमोर चालत थेट पानाच्या टपरीवर."

"करेक्ट!"

सोसायटीच्या मीटिंगमध्येही तेच. पार्किंगच्या जागेवर एकाने साखळी लावली, दुसऱ्याने कुंड्या ठेवल्या, मग पहिल्याने कॅमेरा बसवला. भावोजी उभे राहिले. "शस्त्रस्पर्धा ही अशी सुरू होते. महासत्ता वेगळं काय करतात? त्यांच्या कुंड्या फक्त वर फिरतात." सेक्रेटरी म्हणाला, "काका, बसा ना. चहा येतोय."

तर, मी नेमकं अर्धंच लक्षात ठेवलं: चुंबकात वाकडा जातो. म्हणून ती मांडामांड.

भावोजींनी गच्चीवर येऊन पाहिलं. हसले नाहीत. उकिडवे बसले आणि सिंह जरा डावीकडे सरकवला.

"मांडणी छान आहे. पण वहिनी, मध्ये केवढी हवा आहे! झोत वरच्या वरच विरून जाईल. ही भांडणं सगळी वर, पोकळीतली. कुरडया सुरक्षित."

माझं तोंड उतरलं. म्हटलं, "मग इतकं वाचता तरी कशाला? कुणावर सोडायचाय तुम्हाला?"

त्यांनी सिंह पुन्हा उजवीकडे सरकवला. "मुग्धासाठी," म्हणाले.

मुग्धा त्यांची एकुलती एक. दक्षिणेत कुठल्याशा संरक्षण प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. काम काय, ते घरीसुद्धा सांगायचं नाही, असा तिथला नियम. दर रविवारी तिचा फोन यायचा: जेवलात? गोळ्या घेतल्या? ठेवते हं.

"ती काय करते मला ठाऊक नाही, वहिनी. कदाचित हे, कदाचित भलतंच. म्हणून असेल नसेल ते सगळं वाचून ठेवतो. कधी बोललीच, तर बाप अगदीच कोरा नको."

आता ती इमारत पाडून टॉवर झालाय, गच्चीला कुलूप असतं आणि कुरडया मी विकत आणते. पण तो रविवार अजून डोळ्यांसमोर आहे. तळलेल्या कुरडया घेऊन मी भावोजींकडे गेले, तेवढ्यात मुग्धाचा फोन आला. त्यांनी स्पीकरवर टाकला.

"बाबा, जेवलात?"

"बसतोय. शेजारच्या काकूंनी कुरडया दिल्यात. वाळवताना भोवती चुंबक लावले होते म्हणे. अवकाशातला झोत वळवायला."

 पलीकडे हसू फुटलं. अशी हसली पोरगी, की मलाच लाजल्यासारखं झालं.

"अहो बाबा, फ्रिजच्या चुंबकाने काय वळणार? आणि एवढी हवा ओलांडून तो खाली येईलच कसा?"

"हो का?" भावोजी म्हणाले. "का गं, हवेने काय होतं?"

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी हाताने मला थांबवलं.

ती सांगत राहिली. पुस्तकातलंच, कुणालाही सांगता येईल असं. हे "अस्सं?", "मग पुढे?" करत पहिलीतल्या मुलासारखे ऐकत राहिले. पानातला भात गार झाला. फोन ठेवताना ती म्हणाली, "बाबा, मज्जा आली आज."

भावोजींनी चष्मा पुसला, एक कुरडई मोडली आणि मला विचारलं,

"वहिनी, पुढच्या रविवारपर्यंत आणखी एखादा मूर्खपणा जमेल का हो तुम्हाला?"