एकशे एक फुलांची झूल

कापडी फुलात काय भरावं, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला कोणी शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत होतं. होतं!

नात सुरभी यवतमाळला टेक्स्टाइल डिझाइन शिकते. पोळ्याला बैलावर एकशे एक कापडी फुलांची झूल चढवायची, फोटो काढायचे आणि दोन दिवसांनी झुलीसकट सगळं कॉलेजात द्यायचं, हा तिचा प्रोजेक्ट. वर्षाचे गुण त्यावर!

"आबाजी, एकेक फूल म्हणजे एकेक भावना आहे."

"मंग भावना पोकळ कायले ठेवतं? दे इकडं, मी भरतो."

तिनं भरायला प्लॅस्टिकचा कापूस आणला होता. कापसाच्या जिल्ह्यात प्लॅस्टिकचा कापूस! मी घरातला, शेतातून आलेला कापूस काढला आणि सरकीसकट ठासला. सरकी काढत कोण बसतो? मला तर नुसतं बसवतही नाही. निम्मी फुलं अंगणात येरझारा घालत भरली. पाकळ्या ताठ राहाव्यात म्हणून वरून कणकेची खळ लावली.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली आमचा बैल चांद्या झूल घालून उभा राहिला, तर नवरदेव फिका! बाजूला आमच्या शेजारच्या देवीलालचा बैल. पोळ्यात बैलांपुढं गाण्यासारखी म्हणतात ती झडती मी ठोकून दिली. लोक हसले. दुसरी म्हटली. लोक पोट धरून हसले! एवढी दाद जन्मात मिळाली नव्हती, म्हणून तिसरीही सुरू केली. ती मला येत नव्हती.

"आबाजी, मांगं पाहा!" सुरभी ओरडली.

"थांब वं, झडती रंगून राह्यली!"

"झडती नाही, फुलं संपून राह्यली!"

वळलो. देवीलालचा बैल डोळे मिटून आमची झूल जेवत होता. आत सरकी, वरून कणीक, पंगतच ती! चांद्याही मान वळवून स्वतःच्याच पाठीवरचं वाढून घेत होता.

"देवीलाल, ओढ ना त्याले!"

"काकाजी, आज पोळा हाय. आजच्या दिवशी बैलाच्या तोंडचा घास कसा काढू?"

नऊ फुलं उरली. सुरभीनं रडत रडत मॅडमना फोन लावला. त्यांनी शनिवारपर्यंत मुदत दिली. प्रोजेक्ट बैलानं खाल्ला, हे कारण त्यांना नवीन होतं म्हणे.

आता सुरभी आणि आमच्या सौभाग्यवती इंदूबाई ओसरीवर ब्याण्णव फुलं शिवत बसल्या आहेत.

"मी काय भरू?" मी विचारलं.

"तुमी फक्त दार सांभाळा," इंदूबाई म्हणाल्या.

काठी घेऊन दारात येरझारा घालतोय. देवीलालचा बैल सकाळपासून तीनदा विचारपूस करून गेला.